नाव बदलून पाहा

‘लेखकाची भाषा प्रभावी, ओघवती आणि चित्रदर्शी आहे. मोजक्या शब्दांत त्यांनी मोठा आशय मांडला आहे. प्रसंग वाचकाच्या डोळ्यांसमोर जिवंत उभा राहतो.’ मराठीच्या उत्तरपत्रिका, गाइडं, पुस्तकांची परीक्षणं, प्रकाशन समारंभातली भाषणं, सगळीकडे ही तीन वाक्यं थोड्याफार फरकाने भेटत राहतात. त्यांत व्याकरणाची चूक नाही, कुणावर अन्यायही नाही. दोष एवढाच की ती कधी खोटी ठरू शकत नाहीत. ‘लेखक’ या शब्दाच्या जागी जी. ए. कुलकर्णी घाला, व्यंकटेश माडगूळकर घाला, पु. ल. देशपांडे घाला, उताऱ्याला काही होत नाही. जो मजकूर कुठल्याही लेखकाला बेमालूम बसतो, त्यातून लिहिणाऱ्याचा आदर कळतो, लेखकाची भाषा कळत नाही. महाराष्ट्रात दहावीच्या मुलांना कवितेचं रसग्रहण आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये अशा तीन अंगांनी करायला सांगतात. पहिल्या दोन अंगांवर मुलं काही ना काही स्वतःचं लिहितात. तिसऱ्याशी आली की विशेषणांची पोतडी सुटते. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण मोठ्यांच्या समीक्षेतही पुष्कळदा हेच चालतं. माझं म्हणणं असं आहे की लेखकाच्या भाषेविषयीचा परिच्छेद चुकू शकेल इतका नेमका असला पाहिजे. तो तसा व्हायचा असेल, तर लिहिणाऱ्याने प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारत राहावं: इथे याऐवजी दुसरं काय लिहिता आलं असतं?

हा प्रश्न काही माणसांना न शिकवता पडतो. हुबळीचा गोकुळ रोड विमानतळासाठी, नव्या बसस्थानकासाठी आणि औद्योगिक वसाहतीसाठी ओळखला जातो. साहित्याच्या चर्चेत त्याचं नाव कुणी घेत नाही. पण तिथल्या एखाद्या मराठी कुटुंबाचा दिवस पाहिला तर घरात मराठी, दुकानात आणि रिक्षात कन्नड, कामावरच्या कागदांत इंग्रजी असा तो जातो. कुठली गोष्ट कुठल्या भाषेत आणि कुठल्या सुरात सांगायची, याची निवड तिथे सतत चालू असते, आणि एका भाषेत सरळ वाटणारी गोष्ट दुसरीत वळसा घेऊन सांगावी लागते हे त्या घरातल्या लहान मुलालाही कळतं. या प्रदेशात ही निवड जुनी आहे, आणि ती नेहमी शांतपणे झालेली नाही. धारवाड 1956 पर्यंत मुंबई राज्यात होतं. शाळा-कचेऱ्यांतल्या मराठीच्या वजनापुढे कन्नडला जागा मिळावी म्हणून 1890 साली धारवाडातच कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन झाला. तिथेच 1896 साली मराठी बोलणाऱ्या घरात जन्मलेले द. रा. बेंद्रे कन्नडचे मोठे कवी झाले; मराठीतही त्यांनी लिहिलं. आणि गोकुळ रोडपासून वीसेक किलोमीटरवरच्या त्याच धारवाडात, जनता शिक्षण समितीच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवत गुरुनाथ आबाजी म्हणजेच जी. ए. कुलकर्णी मराठी कथा लिहीत राहिले. शिकवण्याची भाषा एक, रस्त्यावरची दुसरी, लिहिण्याची तिसरी. त्यांच्या भाषेविषयी परिच्छेद कसा लिहावा, हे तपासायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला सुचत नाही. कारण त्यांच्याविषयी सर्वाधिक वापरले जाणारे शब्द, म्हणजे गूढ, प्रतिमासंपन्न, नियतिवादी, हे आता इतके गुळगुळीत झाले आहेत की त्यांवरून नजर घसरते.

जी. एं.च्या कथेतला उतारा घेऊन बसण्याआधी आपण त्यांनी लिहिलेला सगळ्यात छोटा मजकूर घेऊ: त्यांच्या संग्रहांची नावं. ‘निळासावळा’ 1959 साली आलं, ‘पारवा’ 1960 साली, ‘हिरवे रावे’ 1962 साली, ‘रक्तचंदन’ 1966 साली. साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेलं, आणि तो जी. एं.नी परत केल्यामुळे गाजलेलं ‘काजळमाया’ 1972 सालचं. ‘सांजशकुन’ आणि ‘रमलखुणा’ 1975 सालची, ‘पिंगळावेळ’ 1977 सालचं. ही नावं ‘काव्यात्म’ आहेत असं कुणीही म्हणेल, आणि तिथेच थांबेल. आता प्रश्न विचारून पाहू. माडगूळकरांनी आपल्या पुस्तकांना ‘माणदेशी माणसं’ आणि ‘बनगरवाडी’ अशी नावं दिली. एकात मुलूख आहे आणि माणसं आहेत, दुसरं तर गावाचंच नाव आहे. बेळगाव-धारवाडच्या गल्ल्या, वाडे आणि माणसं जी. एं.च्या कथांत भरपूर आहेत. त्यांना हा मार्ग मोकळा होता. तरी आठपैकी एकाही नावात गाव नाही, माणूस नाही, नातं नाही. कथांमध्ये असलेली गोष्ट नावात आणायची नाही, ही निवड आहे. आणि निवड दिसली की परिच्छेदाला धरायला काहीतरी मिळतं.

पुढे जाऊन या नावांचं व्याकरण पाहू. ‘निळासावळा’ हे विशेषण आहे. त्याचं लिंग पुल्लिंग, वचन एक, हे आपल्याला कळतं, पण ते कुणाचं विशेषण आहे हे कळत नाही. असं आकारान्त मराठी विशेषण नामाप्रमाणे बदलतं, त्यामुळे नाम गाळलं तरी त्याची सावली विशेषणावर राहते. कोणीतरी किंवा काहीतरी निळंसावळं आहे, आणि ते पुस्तकाच्या कव्हरवर नाही. ‘हिरवे रावे’मध्ये नेमकं उलट आहे: विशेषण आहे, नाम आहे, दोन शब्द वेगवेगळे उभे आहेत आणि पोपट हिरवे असतातच. आठांतलं हे सगळ्यात उघडं नाव. ‘रक्तचंदन’ हा शब्दकोशातला तयार शब्द. उगाळायच्या लाकडाचं नाव. पण नेहमीच्या वापरात त्यातलं रक्त आपण ऐकत नाही, आणि कथासंग्रहाचं नाव म्हणून तो शब्द वेगळा काढून समोर ठेवला की रक्तही ऐकू येतं आणि चंदनही. इथून पुढे मात्र तयार शब्द संपतात. ‘काजळमाया’ कुणाच्या बोलण्यात नसते. शाळेत समासाचा विग्रह करायला सांगतात, तसा इथे करून पाहा. काजळाची माया, काजळासारखी माया, काजळ हीच माया: तिन्ही बसतात. शिवाय काजळ आईने डोळ्यांत घातलेलं असतं, दृष्ट लागू नये म्हणून लावलेलं असतं आणि दिव्याच्या ज्योतीवर धरलेलंही असतं. माया म्हणजे मराठी घरात जीव लावणं, आणि कीर्तनात भ्रम. ‘काजळाची माया’ असं लिहिलं असतं, तर षष्ठीच्या प्रत्ययाने एक नातं पक्कं केलं असतं आणि बाकीची दारं बंद झाली असती. ‘काळी माया’ म्हटलं असतं, तर जादूटोण्याचं पुस्तक वाटलं असतं. प्रत्यय गाळून दोन शब्द एकमेकांत बसवल्यामुळे ही सगळी नाती एकाच वेळी जिवंत राहतात.

‘सांजशकुन’मध्येही तेच. सांजेचा शकुन, सांजेला झालेला शकुन, की सांज हाच शकुन? शिवाय शकुन शुभ की अशुभ, हे शब्द सांगत नाही. ‘पिंगळावेळ’मध्ये संदिग्धता पहिल्याच पदात आहे, कारण पिंगळा हा घुबडाच्या जातीचा छोटा पक्षी आहे आणि पहाटे दारोदार येऊन भविष्य सांगणारा भिक्षेकरीही. ‘रमलखुणा’चा विग्रह मात्र सरळ आहे, आणि तो ओढूनताणून अवघड करू नये. रमल म्हणजे फासे टाकून भविष्य सांगण्याची विद्या, तिच्या या खुणा. प्रश्न फक्त या खुणा कुणी वाचायच्या एवढाच उरतो. प्रत्येक नाव सारखंच खोल आहे असं सिद्ध करायच्या नादात चांगले परिच्छेद बिघडतात.

आता एवढ्या सामग्रीतून परिच्छेद लिहायचा झाला, तर तो साधारण असा होईल: ‘1959 ते 1977 या काळातल्या जी. एं.च्या संग्रहांच्या नावांत रंग सांगणाऱ्या शब्दांपासून शकुन सांगणाऱ्या शब्दांपर्यंतचा प्रवास दिसतो. पहिल्या तीन नावांत रंग उघड आहे. चौथ्यात आणि पाचव्यात तो वस्तूच्या नावात मुरला आहे. शेवटच्या तिन्हींत रंग मागे पडून भविष्य सूचित करणारी गोष्ट पुढे आली आहे: शकुन, रमल, पिंगळा. याच क्रमात शब्दांची बांधणीही बदलते. “हिरवे रावे” या दोन सुट्या शब्दांनंतर एकही सुटी जोडी येत नाही. सगळे जोडशब्द आहेत, आणि “काजळमाया”पासून तर ते लेखकाने घडवलेले वाटतात. विभक्तिप्रत्यय नसल्यामुळे दोन पदांमधलं नातं वाचकाला ठरवावं लागतं. म्हणजे नावाचा विषय आणि नावाची घडण एकच काम करतात: शकुनाप्रमाणेच ही नावंही खूण देतात, अर्थ देत नाहीत.’ या परिच्छेदात ‘प्रभावी’, ‘सुंदर’, ‘समर्थ’ यांपैकी एकही शब्द नाही. तो माडगूळकरांना लावता येत नाही. आणि तो चुकीचा ठरू शकतो: रंगाचा मुद्दा खोडता येईल, जोडशब्दांचा क्रम तपासता येईल, शेवटचं वाक्य जरा जास्त चतुर आहे असंही म्हणता येईल. मला स्वतःला ते तसं वाटतं. पण ज्यावर वाद घालता येतो असं काहीतरी हाती आलं आहे, ही पहिल्या तीन वाक्यांच्या मानाने मोठी मिळकत आहे.

वाद घालूनच पाहू. पहिली हरकत अशी येईल की पुस्तकाच्या नावात रंग आणणं ही त्या काळची हवाच होती. चिं. त्र्यं. खानोलकरांची ‘रात्र काळी, घागर काळी’ ही कादंबरी त्याच दशकातली; तिच्या नावात तर काळा रंग दोनदा आहे. हरकत खरी आहे आणि ती परिच्छेदाला दुरुस्त करते. रंग असणं ही जी. एं.ची खासियत म्हणता येणार नाही. पण दोन नावं शेजारी ठेवली की खासियत कुठे आहे ते अधिक स्पष्ट होतं. खानोलकरांचं नाव जुन्या गौळणीतून आलेलं आहे. त्याला लय आहे, पुनरुक्ती आहे, आणि ते गाणाऱ्या समूहाचं आहे. ‘काजळमाया’ला मागे कुणाचा आवाज नाही. तेव्हा रंगाचा दावा मागे घ्यायचा आणि घडणीचा पुढे करायचा. विश्लेषण असंच चालतं: आपल्या म्हणण्याविरुद्धचं उदाहरण स्वतः शोधून आणायचं आणि त्याने काय उरतं ते पाहायचं. शाळेत ‘मुद्दा पटवून द्या’ असं शिकवतात; ‘मुद्दा मोडून पाहा’ असं फार कमी ठिकाणी शिकवतात.

दुसरी हरकत जास्त वेळा ऐकू येते. लेखकाच्या मनात एवढं सगळं होतं का? नाव सुचलं, बरं वाटलं, दिलं; आपण उगाच कीस काढतो आहोत. या हरकतीला दोन उत्तरं आहेत. एक म्हणजे ही आठ नावं मोजून पाहावीत. नि-ळा-सा-व-ळा, हि-र-वे-रा-वे, र-क्त-चं-द-न, का-ज-ळ-मा-या, सां-ज-श-कु-न, र-म-ल-खु-णा, पिं-ग-ळा-वे-ळ. एक ‘पारवा’ सोडला तर प्रत्येक नाव पाच अक्षरांचं आहे. 1987 साली आलेलं ‘डोहकाळिमा’ही पाचच अक्षरांचं. एवढा नेम अपघाताने होत नाही. हा माणूस शब्दांची मापं घेत होता, असं मानायला जागा आहे. पण या मोजणीतून यापेक्षा जास्त काही काढू नये. पाच अक्षरांचा अर्थ काय, पंचमहाभूतं की पंचप्राण, असल्या वाटेला लागलं की विश्लेषण संपून ज्योतिष सुरू होतं. दुसरं उत्तर अधिक महत्त्वाचं. लेखकाने जाणूनबुजून केलं की नाही, यावर परिच्छेद अवलंबून नसतो. बोलताना आपण कर्त्याला ‘ने’ कधी लावायचा याचा विचार करत नाही, तरी तो लावण्या-न लावण्याने अर्थ बदलतोच. भाषेचा परिणाम पानावर असतो, आणि तो कागदावरून तपासता येतो. हेतू तसा तपासता येत नाही. म्हणून ‘लेखकाला असं सुचवायचं आहे’ या आवडत्या वाक्याऐवजी ‘या घडणीमुळे असं सूचित होतं’ हे वाक्य प्रामाणिक आहे.

तिसरी हरकत रसिकांची. फूल कुस्करून सुगंध कळतो का, असा तो लाडका प्रश्न. मला तो नेहमीच थोडा आळशी वाटत आला आहे. गोकुळ रोडहून कुंदगोळ फार लांब नाही. तिथले सवाई गंधर्व, हुबळीच्या गंगूबाई हनगल, धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर यांची गाणी ऐकणाऱ्या या मुलखातल्या श्रोत्याला राग कुठे लागला, समेवर कसं आलं, कुठला स्वर मुद्दाम टाळला, हे कळतं आणि त्यामुळे त्याचा आनंद कमी होत नाही. गाण्याच्या बाबतीत आपण जाणकाराला मान देतो. वाचनाच्या बाबतीत मात्र जाणकारीने रस मरतो असं म्हणतो. हां, एक खरं आहे: वाईट विश्लेषणाने रस मरतो. उपमा-उत्प्रेक्षांची यादी करणं, अनुप्रास अधोरेखित करून पुढे जाणं, ही शवचिकित्साच. अलंकाराचं नाव सांगणं म्हणजे विश्लेषणाची तयारी झाली, विश्लेषण झालं नाही. ‘इथे उपमा आहे’ या वाक्यानंतर ‘म्हणून काय?’ असं विचारलं आणि उत्तर आलं नाही, तर ते वाक्य खोडलेलं बरं.

ही सगळी पद्धत इंग्रजीच्या वर्गातून आली, असाही आक्षेप आहे, आणि अर्धा खरा आहे. आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांना कवींची नावं काढून टाकलेल्या कविता वाचायला दिल्या, आणि त्यांनी लिहिलेली मतं तपासून 1929 साली ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ हे पुस्तक काढलं. त्या पुस्तकात तेरा कविता आहेत. नाव दिसेनासं झाल्यावर शिकलेली मुलंही कशी चाचपडतात आणि ठरावीक प्रतिक्रियांच्या आधाराला कशी धावतात, हे त्यातून दिसलं. नाव झाकून पाहणं आणि नाव बदलून पाहणं ही जवळचीच कसोटी. पण शब्द बदलून पाहण्याची कसोटी आपल्याकडे फार आधीपासून आहे. हजार वर्षांपूर्वीच्या काश्मीरमधल्या कुंतकाने ‘वक्रोक्तिजीवित’ या ग्रंथात कवीच्या उक्तीतलं वेगळेपण सहा पातळ्यांवर पाहिलं: वर्ण, पदाचा पूर्वार्ध, प्रत्यय, वाक्य, प्रकरण आणि संपूर्ण प्रबंध. त्यात पर्यायवक्रता नावाचा एक प्रकार आहे. एकाच वस्तूला अनेक शब्द असताना कवीने हाच का निवडला, हा तिचा प्रश्न. एखाद्या नामाचं अमुकच लिंग का वापरलं, याचीही त्याने वेगळी नोंद घेतली आहे. ‘निळासावळा’तलं पुल्लिंग आणि ‘काजळमाया’तला गाळलेला प्रत्यय पाहून कुंतक चकित झाला नसता. आपल्या अभ्यासक्रमांत काव्यशास्त्र एका पेपरात राहतं आणि जी. ए. दुसऱ्या पेपरात, ही गोष्ट वेगळी. मराठीत अशोक केळकरांसारख्या भाषाशास्त्रज्ञाने या दोन टोकांना जोडणारं लिहिलं; त्यांच्या ‘रुजुवात’ला 2010 सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. भालचंद्र नेमाड्यांनी ‘साहित्याची भाषा’ हाच विषय पुस्तकासाठी घेतला. पण ही पुस्तकं शाळेच्या फळ्यापर्यंत पोचलेली नाहीत.

आता एका मोठ्या खड्ड्याविषयी, कारण हुशार लिहिणारेही त्यात पडतात. भाषेची वैशिष्ट्यं लेखकाच्या नावावर खपवणं हा तो खड्डा. समजा कुणी लिहिलं की जी. एं.च्या कथांत माणसांना राग येतो, भीती वाटते, आठवण होते. माणूस कर्ता नसतो, भावनाच त्याच्याकडे चालून येते. म्हणून त्यांची भाषा नियतिवादी आहे. वाचायला हे झकास वाटतं. पण ‘मला भूक लागली’ असं मराठीत सगळेच म्हणतात, पहिलवानही. भूक, तहान यांच्याबाबत मराठीने माणसाला दुसरा सोपा पर्याय ठेवलेलाच नाही, तेव्हा तिथे शैली शोधणं व्यर्थ. रागाचं मात्र तसं नाही. ‘तिला राग आला’, ‘ती रागावली’, ‘तिने राग धरला’ अशी तीन वाक्यं उपलब्ध आहेत, आणि तिन्हींत तिचा स्वतःचा वाटा वेगवेगळा आहे. लेखक अशा जागी सातत्याने एकच रचना निवडत असेल, तर ते सांगण्यासारखं आहे. आणि ‘सातत्याने’ हा शब्द वापरण्याआधी दहावीस पानं मोजायला हवीत. जिथे भाषा पर्याय देत नाही तिथे व्याकरण बोलतं, जिथे देते तिथे लेखक. हा भेद पाळला नाही, तर परिच्छेद मराठी भाषेविषयी होतो आणि श्रेय एका माणसाला जातं.

याच खड्ड्याचा दुसरा काठ म्हणजे पत्ता. धारवाडचा लेखक, म्हणून वाक्यरचनेवर कन्नडची छाया, असं विधान करायला काही लागत नाही. पुस्तक उघडावंही लागत नाही. पण सांगली जिल्ह्यातल्या एका गावच्या बोलींवर जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी 1971 साली लिहिलेला निबंध भाषाशास्त्रात प्रसिद्ध आहे. तिथली कन्नड, मराठी आणि उर्दू पिढ्यानपिढ्या शेजारी राहून वाक्यरचनेत इतक्या जवळ आल्या होत्या की शब्द वेगळे, पण सांगाडा जवळपास एक. सीमाभागातली बोली मराठी अशी मुळातच मिसळलेली असेल, तर त्या मुलखातल्या लेखकाच्या लिखाणात मिसळ सापडणं हे लेखकाचं वैशिष्ट्य ठरत नाही. ठरवायचं असेल, तर अधिक बारीक प्रश्न विचारावा लागेल. संवादांत ही मिसळ आहे आणि निवेदनात नाही, असं आहे का? एका पात्राच्या तोंडी आहे आणि दुसऱ्याच्या नाही? तसं असेल, तर लेखकाने ती वापरली. नसेल, तर ती त्याच्या तोंडवळ्यासारखी आहे, आणि तोंडवळ्याचं कौतुक हे शैलीचं विश्लेषण नव्हे.

नावांवरून एवढं सांगता येतं, कथांचं काय, असं कुणी विचारेल. पद्धत तीच राहते, साहित्य वाढतं. कथांच्या शीर्षकांतही एक गंमत आहे. ‘राधी’, ‘चंद्रावळ’ ही नावं ऐकताच मराठी वाचक एक घर, एक गल्ली, एक सामाजिक थर मनात उभा करतो. ‘विदूषक’, ‘स्वामी’, ‘यात्रिक’, ‘प्रवासी’ ही मात्र सामान्यनामं; त्यांना घर नाही, आडनाव नाही. आणि ‘रमलखुणा’ या पुस्तकात दोनच दीर्घकथा आहेत: एक ‘प्रवासी’, दुसरी ‘इस्किलार’. एक नाव कुणालाही लागू पडेल असं, दुसरं कुठल्याच मराठी घरात न ऐकलेलं. दोन्हींचा परिणाम एक: वाचकाची जातगावाची सवय तिथे चालत नाही. जी. ए. दृष्टान्तकथेकडे वळले, असं समीक्षक म्हणतात ते खरंच आहे, पण ते वळण आशयाआधी नावांच्या जातीत दिसतं, आणि परिच्छेदाने दाखवायचं असेल तर हे दाखवावं. तसाच त्यांच्यावरचा जुना आरोप, प्रतिमांची गर्दी होते हा. त्याचा प्रतिवाद ‘पण प्रतिमा सुंदर आहेत’ असा करून भागत नाही. एक पान घ्यावं, त्यातल्या उपमा काढून टाकून ते पुन्हा वाचावं, आणि काय हरवलं ते पाहावं. कृती कळेनाशी झाली, पात्राच्या मनातली गोष्ट गेली, तर उपमा कथेचं काम करत होती. काहीच हरवलं नाही, उलट पान हलकं झालं, तर आरोप त्या पानापुरता खरा आहे आणि तसं लिहायला कचरू नये. आवडत्या लेखकाविरुद्ध एक पान मान्य करणाऱ्या परिच्छेदावर वाचक पुढच्या दहा पानांसाठी विश्वास ठेवतो.

उरला ‘पारवा’. आठ नावांत तीन अक्षरांचं हे एकच, आणि पाच अक्षरांच्या नेमाविषयी लिहिताना ते नुसतं ‘एक सोडला तर’ म्हणून बाजूला सारता येत नाही. त्याला सामावून घ्यायची एक युक्ती आहे: पारवा हा पक्षीही आहे आणि रंगही, म्हणजे बाकीच्या नावांत जो दुहेरीपणा दोन पदं जोडून येतो तो इथे एकाच शब्दात आहे, सबब हे नावही त्याच घराण्यातलं. युक्ती चांगली आहे, पण तिने अक्षरांचा हिशेब सुटत नाही. जोडशब्दांचा मुद्दा सावरतो एवढंच. साधं उत्तर असं की ‘पारवा’ हा दुसराच संग्रह आहे आणि 1960 सालापर्यंत असा काही नेम ठरलेला नसावा. ‘निळासावळा’ पाच अक्षरांचं निघालं ते कदाचित सहज. नेम ‘हिरवे रावे’पासून सुरू झाला असं मानलं तर सगळी नावं जागच्या जागी बसतात, आणि पारव्याला कुठल्या सिद्धान्तात कोंबावं लागत नाही. मला हे दुसरं उत्तर पटतं.